जॉन्गसॉनचा उतार: प्योंगचँगला पाहिलेली पॅरालिंपिकची डाउनहिल

फेब्रुवारी 2018 मध्ये दक्षिण कोरियात प्योंगचँगला हिवाळी ऑलिंपिक झालं तेव्हा आम्ही सोलजवळच्या सुवॉनच्या घरात बसून टीव्हीवरच पाहिलं. मला जायचं होतं मार्चमध्ये, पॅरालिंपिकला, आणि त्यातही डाउनहिल, म्हणजे डोंगरउतारावरून स्कीवर सुसाट खाली येण्याची शर्यत, बघायला. हे खूळ मूळचं माझ्या मावसभावाचं. दादा सांगलीला बँकेत आहे. कॉलेजात असताना मोटारसायकलच्या अपघातात त्याचा डावा पाय गुडघ्याखालून गेला. बरीच वर्षं जयपूर फूट वापरला, आता सिलिकॉनचा लायनर, म्हणजे उरलेल्या पायावर चढवायचं मऊ आवरण, आणि त्यावर सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची खोबण, अशी जोडणी आहे. सोचीच्या 2014 च्या पॅरालिंपिकमधल्या शर्यतींचे व्हिडिओ त्याने रात्र-रात्र जागून पाहिलेले. सांगलीच्या माणसाने आयुष्यात बर्फ पाहिलेला नाही, पण कोणत्या गटात कोण जोरात आहे ते तोंडपाठ. मी त्याला म्हटलं, "दादा, मी इथे आहे तोवर ये. पुन्हा इतक्या जवळ हे कधी यायचं नाही." त्याने रजा टाकली, व्हिसा काढला आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात इंचॉनला उतरला.

9 मार्च, शुक्रवार: जिनबू आणि उद्घाटन

सोलहून गँगनुंगला जाणारी केटीएक्स ही वेगवान गाडी नुकती, डिसेंबर 2017 मध्ये सुरू झाली होती. जिनबू स्टेशनला दीड तासात पोचतो. बोगदे इतके की डोंगर बघायला मिळतो तो तुकड्या-तुकड्याने. एका बोगद्यातून बाहेर आलो आणि सगळं पांढरं. आदल्याच दिवशी गँगवॉन प्रांतात भरपूर बर्फ पडला होता. दादा खिडकीला चिकटून बसला तो जिनबू येईपर्यंत बोलला नाही.

राहण्याचं मात्र बिनसलं. मी आगाऊ ठरवलेल्या लॉजवाल्याने फोनवर "पायऱ्या नाहीत" असं दोनदा सांगितलं होतं, आणि प्रत्यक्षात खोली निघाली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, जिना बाहेरच्या बाजूने आणि त्यावर बर्फ गोठलेला. वाद घालण्यात वेळ घालवायचा नाही असं ठरवून आम्ही बॅगा उचलल्या. रस्त्यापलीकडच्या भाजीच्या दुकानात मी मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये विचारलं, तर दुकानदारीण बाईंनी एप्रन न काढताच आम्हाला मागच्या गल्लीत त्यांच्या नणंदेच्या घरी नेलं. नणंदबाई सत्तरीच्या. त्यांच्याकडे तळमजल्यावर एक खोली होती, कोरियन पद्धतीची, म्हणजे पलंग नाही, जमीन खालून तापवलेली आणि त्यावर जाड गादी घालून झोपायचं.

दादाला जमिनीवर झोपायची सवय आहे, उठायला मात्र आधार लागतो. त्याने पाय काढून लायनर जमिनीवर वाळत घातला. बाई चहा घेऊन आल्या, त्यांनी तो पाहिला आणि काही न बोलता उचलून भिंतीकडे, जरा थंड जागी ठेवला. मग बोट खाली दाखवून मला सांगितलं की जमिनीचा हा भाग फार तापतो, प्लास्टिक खराब होईल. पाचच मिनिटांत एक लाकडी खुर्ची गादीशेजारी आली आणि एक प्लास्टिकचं स्टूल न्हाणीघरात गेलं. काय लागेल ते त्यांनी बघितलं आणि आणून दिलं, कुठे अपघात झाला, कसा झाला, एक प्रश्न नाही. दादा म्हणाला, "असं सांगलीत एकदाही झालं नाही गं." मला वाटतं सांगलीतही अशी माणसं असतील, पण त्या क्षणी त्याचं म्हणणं खोडायची इच्छा झाली नाही.

दुपारी ह्वेंग्ये गावात जाऊन सुक्या माशाचं सूप घेतलं. दॅग्वाल्ल्योंगच्या पठारावर हा मासा हिवाळाभर उघड्यावर टांगून ठेवतात. रात्री गोठतो, दिवसा थोडा सुटतो, असं महिनोन्‌महिने चालल्यावर तो पिवळसर आणि स्पंजसारखा मऊ होतो. सूप दुधासारखं पांढरं, फारसं तिखट नाही, पोटात गेल्या-गेल्या अंगात ऊब येते. रात्री उघड्या स्टेडियममध्ये बसायचं असेल तर आधी हे घ्याच.

प्योंगचँगचं ऑलिंपिक स्टेडियम पंचकोनी होतं आणि त्याला छप्पर नव्हतं. 35,000 लोकांची जागा असलेलं हे स्टेडियम सोहळे संपले की पाडायचं, असं आधीपासूनच ठरलेलं. थंडी हाडात शिरत होती. सोहळ्यातलं बरंच काही सुंदर होतं, उत्तर कोरियाचे खेळाडू हिवाळी पॅरालिंपिकमध्ये पहिल्यांदाच आले होते त्यांना मोठा प्रतिसाद मिळाला, पण मला कायमचं लक्षात राहील ते शेवटचं. ज्योत न्यायची होती एका उंच, तीव्र चढावरून वर. कोरियाच्या पॅरा आइस हॉकी संघाचा कर्णधार हान मिन-सू पुढे आला. त्याला एक पाय नाही. त्याने मशाल पाठीवर बांधली, दोर धरला आणि तो चढ चढायला लागला. कृत्रिम पाय उतारावर रोवायचा, दोर खेचायचा, पुन्हा रोवायचा. आमच्या आजूबाजूचे लोक टाळ्या वाजवत होते. दादा टाळ्या वाजवत नव्हता, तो फक्त त्या पायाकडे बघत होता. "घोटा वाकत नाही बघ त्याचा," तो म्हणाला. "टाचेवर वजन टाकलं की मागे जाणार. म्हणून तो पूर्ण भार दोरावर घेतोय." वरती व्हीलचेअर कर्लिंगचा (कर्लिंग म्हणजे बर्फावर दगड सरकवण्याचा खेळ) कर्णधार सो सून-सोक आणि महिला कर्लिंग संघाची कर्णधार किम उन-जोंग यांनी मिळून ज्योत पेटवली. फेब्रुवारीत किमच्या संघाने रौप्यपदक मिळवलं तेव्हा सगळ्या कोरियात तिचा चष्मा प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे ती दिसताच स्टेडियम दणाणलं.

10 मार्च, शनिवार: डाउनहिल

जिनबूहून जॉन्गसॉनच्या अल्पाइन केंद्राकडे प्रेक्षकांसाठी बस सोडल्या होत्या. रस्ता नदीच्या कडेकडेने, अरुंद दरीतून जातो. बस सोडते तिथून स्टँडपर्यंत चढ चालावा लागतो. रस्त्यावरचा बर्फ साफ केलेला असला तरी कडेला काचेसारखा थर राहतोच. कृत्रिम पायाने चालणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगते. बुटावर चढवायच्या रबरी पट्ट्या मिळतात, त्यांना खाली लोखंडी काटे असतात. दोन्ही बुटांना लावा, फक्त चांगल्या पायाला लावलेल्या उपयोगाच्या नाहीत. कुबडी किंवा काठी असेल तर तिच्या टोकालाही काट्याची टोपी मिळते. जिनबूच्या हार्डवेअरच्या दुकानात हे सगळं होतं आणि स्वस्त होतं. दुसरी गोष्ट, लायनरच्या आत घाम येतो आणि थांबून राहिलं की तो गार पडतो. दादाने सोबत जास्तीचे मोजे ठेवले होते, दुपारी स्वच्छतागृहात जाऊन बदलले, म्हणून दिवस निभावला.

ऊन छान पडलं होतं. समोर गारिवांग डोंगराचा उतार, त्यावर निळ्या रेषा आणि लाल-निळी गेट्स, म्हणजे ज्यांमधून उतरायचं ते खांब. फिनिशची जागा 545 मीटर उंचीवर होती. हा मार्ग आखला स्वित्झर्लंडच्या बर्नहार्ड रुसींनी, जे स्वतः एकेकाळी डाउनहिलचे ऑलिंपिक विजेते होते. टीव्हीवर उताराची तीव्रता कळतच नाही. खालून मान वर करून बघितलं तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. डाउनहिलमध्ये गेट्स दूर-दूर असतात, वळणं मोठी, वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जातो आणि प्रत्येकाला एकच फेरी मिळते. चुकलं की संपलं.

आमच्या शेजारी एक ऑस्ट्रियन आजोबा बसले होते. निवृत्त स्की शिक्षक. तरुणपणी दृष्टिहीन मुलांना शिकवलेलं. त्यांच्यामुळे आम्हाला शर्यत नीट बघता आली.

गट तीन. दृष्टिबाधित, उभ्याने स्की करणारे आणि बसून स्की करणारे. पहिली शर्यत दृष्टिबाधित महिलांची. दोघी जणी खाली येतात, पुढे गाइड, मागे खेळाडू. दोघींच्या हेल्मेटमध्ये ब्लूटूथ असतं आणि गाइड सतत बोलत असते. स्पर्श करायचा नाही, जे काय असेल ते आवाजाने. ज्यांना जवळजवळ काहीच दिसत नाही त्या बी 1 वर्गातल्या खेळाडूंना काळ्या केलेल्या गॉगल्स घालाव्या लागतात, म्हणजे थोडाफार उजेड कळणाऱ्याला त्याचा फायदा नको. आजोबा म्हणाले, "शब्द ऐकायला वेळ नसतो. आवाज चढला की वळण जवळ आलं, हे मुलं आवाजाच्या चढउतारावरून ओळखतात."

आधी ऐकू येतो तो कडेचा आवाज. स्कीची धार गोठलेल्या बर्फावर घासते तेव्हा खरखर असा लांबून आवाज येतो, मग शेवटच्या उंचवट्यावर पुढची आकृती दिसते आणि लगेच मागची. दोघींमधलं अंतर अगदी थोडं, जणू एकाच दोरीला बांधलेल्या. पण मध्ये दोरी नसते, फक्त आवाज असतो. स्लोव्हाकियाची हेन्रिएता फार्काशोवा आणि तिची गाइड नतालिया शुब्रतोवा फिनिशला आल्या आणि वेगाने जाऊन कुंपणाजवळ थांबल्या. सुवर्ण त्यांचं. पदक दोघींना मिळतं, गाइडलाही, आणि हे मला फार योग्य वाटतं.

रौप्य ब्रिटनच्या मिली नाइटचं. तिचा गाइड ब्रेट वाइल्ड एरवी ब्रिटिश नौदलात पाणबुडीवर असायचा. ह्याच डोंगरावर 2017 च्या चाचणी शर्यतीत मिली जोरात पडली होती, डोक्याला मार बसला होता. त्यानंतर पुन्हा त्याच ठिकाणी, त्याच वेगात उतरायचं. कुंपणाशी थांबल्यावर तिने फक्त वर उताराकडे बघितलं आणि मग गाइडला मिठी मारली. कांस्य बेल्जियमच्या एलिओनोर साना हिचं, तिची गाइड तिची सख्खी बहीण क्लोए. एलिओनोरची दृष्टी लहानपणी डोळ्याच्या कर्करोगाने गेली.

इथेच दादाला एक गोष्ट दिसली. फलकावरचं घड्याळ. दृष्टिबाधितांच्या शर्यतीत काही जणींच्या वेळी सेकंद हळू पळत होते. त्याने मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघितलं आणि उडालाच. हा फॅक्टरचा हिशेब. एकाच गटात अपंगत्व कमी-जास्त असणारे खेळाडू एकत्र धावतात, म्हणून प्रत्येक वर्गाला एक गुणक दिलेला असतो. प्रत्यक्ष वेळेला त्याने गुणायचं. समजा एखाद्याचा गुणक 0.8 आणि त्याला उतरायला 100 सेकंद लागले, तर त्याची वेळ धरायची 80 सेकंद. खाली बघणाऱ्यांना गोंधळ नको म्हणून घड्याळच त्या गतीने चालवतात. दादा बँकेतला, आकडे म्हटलं की त्याचे डोळे चमकतात. त्याने निकालाचा कागद मिळवला आणि प्रत्येकाची खरी वेळ मोबाइलवर काढत बसला. मध्येच म्हणायचा, "अगं हिची खरी वेळ बघ, ही तिच्यापेक्षा दीड सेकंद मागे आहे, तरी पुढे लागली. बरोबरच आहे."

मला त्याचं हे "बरोबरच आहे" फार आवडलं. तिथल्या प्रेक्षकांतही तसंच होतं. कोरियन शाळकरी मुलांची एक सहल आली होती, स्पर्धेचं शुभंकर असलेल्या बंदाबी अस्वलाच्या टोप्या घालून. सुरुवातीला ती कोणीही खाली आलं की ओरडत होती. तासाभराने मुलं फलकाकडे बघून ओरडायला लागली. हिरवा आकडा आला तर जल्लोष, लाल आला तर हळहळ. शंभरावा हिस्सा सेकंदाने कोण मागे पडलं ते त्यांना कळायला लागलं होतं.

उभ्याने स्की करणाऱ्या महिलांत फ्रान्सची मारी बोशे जिंकली. तिचा डावा हात कोपरापुढे जन्मापासून नाही. सोचीत चार सुवर्णं घेतलेली ही बाई उंचवट्यावरून हवेत जाते आणि तरी खांदे हलत नाहीत. जर्मनीची आंद्रेआ रोथफुस दुसरी, कॅनडाची मॉली जेप्सन तिसरी. पुरुषांत स्वित्झर्लंडचा थिओ ग्मूर पहिला. तो दोन वर्षांचा असताना पक्षाघात झाला आणि शरीराची एक बाजू कमजोर राहिली. फ्रान्सचा आर्थर बोशे अवघा सतरा वर्षांचा, त्याला रौप्य. ऑस्ट्रियाचा मार्कुस झाल्शर तिसरा, आणि आमच्या आजोबांनी जागेवर उभं राहून टोपी हलवली.

दादाचं लक्ष ह्या गटात एका वर्गावर होतं. एलडब्ल्यू 4, म्हणजे एक पाय गुडघ्याखालून नसलेले, कृत्रिम पायावर दोन्ही स्की लावून उतरणारे. त्याचा स्वतःचा वर्ग तोच झाला असता. ते खाली येताना बाकीच्यांहून वेगळे दिसतच नाहीत. बुटाच्या आत काय आहे ते कोणाला कळणार? दादा मात्र ओळखायचा. "डावीकडे वळताना जरा उशीर होतो बघ," असं म्हणायचा आणि यादीत वर्ग बघितला की तो बरोबर निघायचा.

मग सिट-स्की. एकच स्की, त्यावर गाडीच्या शॉकअब्सॉर्बरसारखा दणकट शॉक, आणि त्याच्यावर खेळाडूच्या अंगाच्या मापाने साचा काढून बनवलेलं आसन. दोन्ही हातांत आउटरिगर, म्हणजे कोपरापर्यंतची कुबडी आणि तिच्या टोकाला छोटीशी स्की. गुडघे नसल्यागत सगळा धक्का त्या शॉकने आणि पाठीने घ्यायचा. खालून बघताना त्यांचा वेग जास्त वाटतो, कारण बसलेले असल्याने अंग बर्फाच्या अगदी जवळ असतं. वळणावर ते इतके कलतात की खांदा बर्फाला टेकेल असं वाटतं.

महिलांत जर्मनीची अॅना शाफेल्हूबर पहिली, जपानची मोमोका मुराओका दुसरी, अमेरिकेची लॉरी स्टीफन्स तिसरी. मुराओका आदल्या रात्री जपानचा झेंडा घेऊन स्टेडियममध्ये आली होती, आम्ही तिला लगेच ओळखलं.

पुरुषांच्या शर्यतीत एक जण मधल्या टप्प्यात जाळीत गेला. मोठ्या पडद्यावर बर्फाचा ढग दिसला आणि स्टँड गप्प. वैद्यकीय पथक पोचलं, बराच वेळ गेला. मग त्याने हात वर केला. शर्यत पुन्हा सुरू झाली. मी दादाकडे बघितलं, त्याने डोळे मिटलेले. त्याला स्वतःचा रस्ता आठवला असणार, मी विचारलं नाही.

अमेरिकेचा अँड्र्यू कुर्का खाली आला तेव्हा आजोबा आधीच म्हणाले, "हा." अलास्कातला मुलगा, तेराव्या वर्षी एटीव्ही (खडकाळ वाटांवर चालवायची छोटी चारचाकी) उलटून पाठीचा कणा मोडला. सोचीला आला तर सरावातच पडून पुन्हा कण्याला इजा, डाउनहिल बघत बसावी लागली. चार वर्षांनी ह्या उतारावर त्याला सुवर्ण. हे सगळं मला दादाने सांगितलं, तो घोगऱ्या आवाजात, घाईघाईने सांगत होता आणि समोर कुर्का दोन्ही आउटरिगर हवेत उंचावून गोल फिरत होता. रौप्य जपानच्या तैकी मोरीईला. सोळाव्या वर्षी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला इजा झाली, आणि इस्पितळात पडल्या-पडल्या त्याने 1998 च्या नागानो पॅरालिंपिकचं प्रक्षेपण पाहिलं. तेव्हा तो सदतीस वर्षांचा होता आणि त्याची सिट-स्की बनवायला टोयोटाच्या इंजिनिअरांनी मदत केली होती. कांस्य न्यूझीलंडच्या कोरी पीटर्सचं.

मोटारसायकल, इस्पितळ, टीव्ही. दादाने मोरीईचं नाव यादीत पेनाने अधोरेखित केलं. दृष्टिबाधित पुरुषांत कॅनडाचा मॅक मार्कू आणि गाइड जॅक लीच जिंकले होते, त्यांच्या मागे स्लोव्हाकियाचा याकूब क्राको आणि इटलीचा जाकोमो बेर्तान्योली. निकालाचा तो कागद आता सांगलीत दादाच्या कपाटात आहे.

संध्याकाळी जॉन्गसॉन गावात जेवलो. इथली खासियत म्हणजे गोन्द्रे नावाच्या रानभाजीचा भात. सुकवलेली पानं भिजवून तांदळाबरोबरच शिजवतात, वर तिळासारख्या वासाचं पेरिलाचं तेल, आणि सोया सॉसमध्ये कांद्याची पात घालून केलेली चटणी कालवून खायची. शाकाहारी माणसाला कोरियात पोटभर जेवायचं असेल तर ह्या भाताचं नाव पाठ करून ठेवा. शिवाय बकव्हीटच्या, म्हणजे कुट्टूच्या, पिठाचं पातळ घावन, आत किमची आणि भाजीचं सारण भरून गुंडाळलेलं. बाजारातल्या आजीबाई उलट्या घमेल्यासारख्या तव्यावर एका हाताने पीठ पसरत होत्या आणि दुसऱ्या हाताने आधीचं गुंडाळत होत्या. आम्ही दोन प्लेट घेतल्या, त्यांनी तिसरी फुकट दिली. दादाच्या सांडलेल्या चटणीवर स्वतःचा रुमालही दिला.

11 मार्च, रविवार: सुपर-जी आणि आउटरिगर

दुसऱ्या दिवशी त्याच उतारावर सुपर-जी. गेट्स जास्त जवळ, वळणं जास्त. सिट-स्कीत ह्या वेळी कॅनडाचा कर्ट ओटवे पहिला आणि कुर्का दुसरा, फ्रान्सचा फ्रेदेरिक फ्रान्स्वा तिसरा. ओटवे भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी असताना अभ्याससहलीत कड्यावरून पडला होता. उभ्यांच्या पुरुष गटात पुन्हा ग्मूर, बोशे, झाल्शर, अगदी त्याच क्रमाने. फार्काशोवा आणि शाफेल्हूबर ह्यांनीही आपापलं सुवर्ण पुन्हा घेतलं.

शर्यत संपल्यावर बाहेर पडताना एक कोरियन तरुण भेटला. व्हीलचेअरवर, मित्रांबरोबर आलेला. मागे एका मित्राच्या खांद्यावर त्याचे आउटरिगर होते. सकाळी दुसऱ्या एका रिसॉर्टवर सराव करून मग इकडे आलेला. दादाने त्यांच्याकडे बघितलं, त्याने दादाच्या पँटच्या खाली दिसणाऱ्या धातूच्या नळीकडे बघितलं आणि दोघं एकदम हसले. मी दुभाषी झाले. त्याने एक आउटरिगर दादाच्या हातात दिला. वरती कोपराला धरणारी पकड, मुठीजवळ एक दोरी. दोरी ओढली की खालची छोटी स्की उभी होते आणि तिची कुबडी होते, सोडली की आडवी पडते आणि स्की होते. स्कीची लांबी साधारण हातभर, कडा इतक्या घासलेल्या की बोट फिरवायची हिंमत झाली नाही. दादाने दोरी कितीदा ओढली असेल, तो तरुण शांतपणे बघत राहिला. मग त्याने सांगितलं की लिफ्टवर चढताना सिट-स्कीचं आसन कळ दाबून उंच करावं लागतं, तरच खुर्ची खाली सरकते, आणि शिकताना लोक सगळ्यात जास्त तिथेच पडतात, उतारावर नाही. "तू एलडब्ल्यू 4," तो दादाला म्हणाला, "तुला बसायची गरज नाही. उभा राहा." वय विचारलं, दादाने त्रेचाळीस सांगितलं. "मग काय झालं," असं म्हणून त्याने शिकवणाऱ्याचा पत्ता लिहून दिला.

जाता-जाता एक सल राहिली. गारिवांग डोंगरावर शेकडो वर्षांचं जुनं रान होतं, ते ह्या उतारासाठी तोडलं गेलं. स्पर्धा झाल्यावर पुन्हा जंगल लावू असं वचन तेव्हा दिलेलं होतं. बसमधून मागे बघितलं तर हिरव्याकाळ्या डोंगरावर तो पांढरा पट्टा जखमेसारखा उघडा दिसत होता. मी तिथे दोन दिवस आनंदात घालवले आणि तरी मला वाटतं की ते वचन पाळलं गेलं पाहिजे, त्याचा पाठपुरावा व्हायला पाहिजे.

जिनबूहून परतताना गाडीत गर्दी होती. जवळच्याच अल्पेन्सिया केंद्रात कोरियाच्या सिन उई-ह्यॉनने त्याच दिवशी क्रॉस-कंट्री स्कीत कांस्य मिळवलं होतं आणि डब्यात जो-तो मोबाइलवर तेच बघत होता. टीव्हीवर मात्र फारसं काही दाखवत नव्हते. दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्ष मून जे-इन ह्यांनीच वाहिन्यांनी पॅरालिंपिकला जास्त वेळ द्यावा असं जाहीरपणे म्हटलं, त्यानंतर जरा फरक पडला. भारताचा एकही खेळाडू ह्या स्पर्धेत नव्हता, त्यामुळे आपल्याकडे बातम्याही जवळजवळ नव्हत्या. गुलमर्ग आणि औली आपल्याकडे आहेत, जयपूर फूट आपण 1968 पासून बनवतो. ही दोन टोकं जोडणारं कोणीतरी हवं, असं दादा परतीच्या वाटेवर सारखं म्हणत होता, आणि मलाही ते पटतं.

ज्यांना पुढे कधी अशी स्पर्धा बघायला जायचं असेल त्यांच्यासाठी थोडं. पहिल्या दिवसाची डाउनहिल चुकवू नका, कारण हवा बिघडली तर वेळापत्रक बदलतं आणि वेगाच्या शर्यती आधी ठेवलेल्या असतात. निकालाचा छापील कागद मागून घ्या, त्यात वर्ग आणि गुणक दिलेले असतात, त्याशिवाय अर्धी मजा कळत नाही. राहण्याची जागा ठरवताना "पायऱ्या आहेत का" एवढं विचारून थांबू नका, दाराचा आणि न्हाणीघराचा फोटो मागवा. कृत्रिम पाय वापरणाऱ्यांनी सॉकेटचा पाना, जास्तीचे मोजे आणि एक सुका लायनर हातातल्या बॅगेत ठेवावा. खेळाडूंसाठी क्रीडाग्रामातच दुरुस्ती केंद्र असतं, कृत्रिम अवयव बनवणारी ऑटोबॉक कंपनी 1988 च्या सोल पॅरालिंपिकपासून ते चालवते, पण प्रेक्षकांनी आपली सोय आपणच करावी.

18 मार्चला गुढीपाडवा होता आणि संध्याकाळी दादाचं विमान. सकाळी सुवॉनच्या बाल्कनीत गुढी उभारली, कडुलिंब मिळाला नाही तर नुसतीच साखरेची गाठी घातली. जेवताना फोन डाळीच्या भांड्याला टेकवून ठेवला होता, महिलांची स्लॅलम, म्हणजे जवळजवळच्या गेट्समधून वळत उतरायची दोन फेऱ्यांची शर्यत, चालू होती. ब्रिटनच्या मेना फिट्झपॅट्रिकने, जिला जेमतेम पाच टक्के दिसतं, दुसऱ्या फेरीत फार्काशोवाला मागे टाकून सुवर्ण घेतलं. दादाने लगेच पेन काढलं आणि फॅक्टर विचारला.